खोका नंबर चार

धायरी, पुणे
५ डिसेंबर २००३

पूर्णिमा,

माझं सगळं बदललं ते ऑगस्टच्या एकवीस तारखेला, संध्याकाळी पावणेसहाला, तू मला "हं, बोट ठेव" म्हणालीस तेव्हा.

तुला आठवणारसुद्धा नाही. नारायण पेठेतल्या मंडळाच्या खोलीत तू खोक्याला सुतळी बांधत होतीस. पहिली गाठ सारखी सैल पडत होती. मी दारात उभा होतो, माझा मित्र साई, त्याच्या आजोबांचा जुना चष्मा द्यायला आलेला. तू ना नाव विचारलंस, ना गाव. बोट ठेव म्हणालीस, मी ठेवलं. तू गाठ इतकी करकचून मारलीस की बोट आतच अडकलं आणि मग तू हसलीस. त्या दिवसापासून मी मंडळाचा स्वयंसेवक आहे. लोकांना समाजसेवेची ओढ कशी लागते ते मला माहीत नाही. मला अशी लागली.

परवा वणीहून बाबांचा फोन होता. म्हणाले, "शंभू, सुट्टीत का नाही येत? काय चाललंय?" मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं, म्हणजे तुझ्या कामाबद्दल. आमच्या मंडळाची एक मुलगी सहा महिन्यांसाठी केनियात गेलीय, बिनपगारी. तिथे तळ्याकाठी गुलाबाचे मोठे मळे आहेत. दूरदूरच्या गावांतून बायका तिथे कामाला येतात, मळ्याच्याच खोल्यांत राहतात. चाळिशी उलटली की जवळचं दिसत नाही, मग फुलांची प्रतवारी जमत नाही, मग काम जातं. ती त्यांचे डोळे तपासते, नंबर इकडे कळवते, आणि आम्ही पुणेकरांच्या जुन्या चष्म्यांतून तो नंबर शोधून पाठवतो. बाबा म्हणाले, "चांगलं आहे. पण तुझं सबमिशन?"

कॉलेज व्यवस्थित चालू आहे. काळजी नसावी.

इकडे दिवसभर चष्मे निवडणं चालू असतं. काल एक आजोबा आले होते. चष्मा टेबलावर ठेवून म्हणाले, "काच पुसून आणलीय. तुमच्याकडून पुसली जाईल असं एकंदरीत वाटत नाही." महिपतीकाकांनी अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांना पावती दिली. काका तसेच आहेत, पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होते ते अजून आहेतच. एकेक चष्मा त्याच्या घरात घालतात, घराला कागद गुंडाळतात, कागदावर बाईचं नाव. हात थरथरतात, पण अक्षर छापल्यासारखं.

यज्ञेश्वर डॉक्टर आठ खोकी घेऊन गेल्या आठवड्यात निघाले, म्हणजे एव्हाना पोचले असतील. खोका नंबर चार तू स्वतः उघड. सगळ्यात वर खाकी पिशवी आहे. तिच्यात स्वेटर (तिकडे पहाटे गारठा असतो असं तू लिहिलं होतंस), भाकरवडीचे दोन पुडे आणि माझी एक दोनशेपानी वही. वही एकटी असताना वाच. श्यामलाताईंना मात्र कळवू नकोस. वजनकाट्याच्या वरची त्यांची पाटी तुला ठाऊक आहे: "यादीत नाही ते खोक्यात नाही." ताईंच्या हातात असतं तर त्यांनी माणसंसुद्धा यादी बघूनच जन्माला घातली असती.

वीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून आत थोडी जागा केली. ते काही विशेष नाही.

जायच्या दिवशी तू म्हणालीस, "आधी इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष पूर्ण कर, मग काय बोलायचं ते बोल." मी बोलत नाहीये. लिहितोय.

तुझा
शंभू


धायरी
१९ डिसेंबर २००३

पूर्णिमा,

तुझा ईमेल आज आला. मंडळाच्या पत्त्यावर येतो आणि श्यामलाताई तो सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचतात, म्हणून तर मी पत्रं लिहितो. माझ्या पिशवीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आधी मला वाईट वाटलं. मग वाटलं, तू मला सांभाळून घेतलंस.

पुढचं वाक्य ताईंनी दोनदा वाचलं. "खोका चारमध्ये यादीप्रमाणे सत्तेचाळीस चष्मे हवेत, चोवीसच निघाले. तेवीस चष्म्यांचा गठ्ठा नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मळ्यावर डोळ्यांची परीक्षा आहे. फेब्रुवारीत युरोपात प्रेमाचा दिवस असतो, त्याचे गुलाब जानेवारीअखेर कापतात, म्हणून प्रतवारीच्या हॉलमध्ये नजर पक्की असलेल्याच बायका ठेवतात. नापास झाली की हॉल जातो, आणि खोलीही."

यज्ञेश्वर डॉक्टरांनी तिकडून लिहिलंय की खोकी वाटेत कुठे उघडली नाहीत, सुतळ्या जशाच्या तशा होत्या. म्हणजे जे झालं ते इथेच झालं. ताईंनी महिपतीकाकांकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "काका, तो गठ्ठा चुकून घरी गेला असेल का? तुम्ही काही कागद गुंडाळायला नेत होतात."

काका म्हणाले, "मी बांधला होता." मग थोड्या वेळाने, "बहुतेक बांधला होता."

ताईंनी मलाही विचारलं. शेवटचं वजन मी केलं होतं ना. तो गठ्ठा कुठे आहे हे मला माहीत नाही, असं मी त्यांना सांगितलं. तुला मी तसं लिहीत नाहीये, एवढं लक्षात घे.

फेब्रुवारीतल्या त्या दिवसाची इकडेही आतापासूनच तयारी आहे. जंगली महाराज रस्त्यावर दुकानांतून लाल कागदाचे बदाम लटकलेत. पुढच्या वर्षी तू इथे असशील. मी तुला गुलाब देणार होतो. आता गुलाब बघितला की मला भलतंच काही आठवतं.

ताई म्हणतात दुसरे तेवीस जमवू, पण ते नंबर पुन्हा मिळायला दोन महिने लागतील. पुढची तुकडी मार्चमध्ये.

साईला आयटी कंपनीत नोकरी लागलीय. पहाटे हिंजवडीची बस येते, गळ्यात पट्टा अडकवून जातो, झोपेतसुद्धा काढत नाही. मला म्हणतो, "तुझ्या कॉटखाली कसलं गाठोडं आहे रे? दुकान टाकतोयस?"

मी त्याला म्हटलं, तुझं काम कर.

शंभू


धायरी
४ जानेवारी २००४

पूर्णिमा,

तुझं कार्ड मिळालं. पहिल्यांदाच फक्त माझ्या नावावर काहीतरी आलं, आणि त्यात सहा ओळी.

"स्वेटर बसतो. भाकरवडी बायकांत वाटली. नेकेसा नावाच्या आहेत एक, त्यांना तिखट फार आवडलं, दोनदा घेतली. त्यांचा नंबर अधिक दोन पंचवीस, त्यांचा चष्मा त्या तेविसात आहे. वही वाचली नाही. एकच विचारते: तुझ्या पिशवीच्या जागी आधी काय होतं? उत्तर ईमेलने दे, पत्राला पंधरा दिवस लागतात."

मी पत्र लिहितोय.

एक सांगतो, मी काल भांडलो. सुखदेव आहे ना, शनिवारी रसायनांच्या कंपनीतून थेट मंडळात येतो तो. तो म्हणाला, काकांचं आता वय झालं, त्यांच्याकडे नुसतं पावत्यांचं काम द्या. मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, काकांबद्दल एक शब्द बोलायचा नाही, काकांनी काहीही केलेलं नाही! तो सभ्य माणूस आहे. कॉलर सोडवून म्हणाला, "तुला कसं माहीत?"

मी निघून गेलो. संभाजी बागेपर्यंत तरातरा चालत गेलो आणि परत आलो. मला वाटलं मी काकांची बाजू घेतली. रागावलं की मला आपण खरे आहोत असं वाटायला लागतं, हा माझा जुना प्रॉब्लेम आहे.

काका दोन आठवडे आलेले नाहीत. ताईंनी त्यांना आराम करा म्हणून सांगितलं. टेबलावर त्यांची बारीक कात्री तशीच आहे. कागद आता मी गुंडाळतो. माझं अक्षर त्या बायकांना वाचता येईल का कोण जाणे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे. परीक्षा आठ दिवसांवर आहे, हे मला कळतं. पण आता सांगून चष्मे काही उडत जाणार नाहीत ना? मार्चमध्ये कोणी जाईपर्यंत सगळं तसंच राहणार. मग सांगून फायदा काय, असं मी स्वतःला रोज समजावतो. रोज पटतं.

वही वाच ना. निदान पहिलं पान.

शंभू


नारायण पेठ, मंडळाची खोली
२१ जानेवारी २००४

पूर्णिमा,

हे शेवटचं पत्र, आणि यात सगळं आहे.

रविवारी तुझा ईमेल आला. ताईंनी नेहमीसारखा वाचायला घेतला आणि मध्येच आवाज खाली गेला. तेविसातल्या अकरा जणी नापास. नऊ जणींना खुरपणीवर घातलं, एक जण बहिणीकडे राहते. आणि नेकेसा गेल्या. खोली त्याच दिवशी दुसरीला दिली. एका दिवसाच्या बसच्या अंतरावर त्यांचं गाव आहे, एवढंच तुला ठाऊक, नाव कोणालाच नीट सांगता आलं नाही. तू लिहिलंयस, "जाताना त्या माझ्या दारापाशी आल्या होत्या. चष्मा आला का, विचारलं. चौथ्यांदा."

मी कॉलेज सोडलंय, पूर्णिमा. ऑगस्टमध्येच. विभागप्रमुखांनी माझी फाईल सगळ्या वर्गासमोर परत केली, पुन्हा लिही म्हणाले. मी ती तिथेच फाडली. बाहेर पडलो तेव्हा मला आपण फार मोठं काही केलं असं वाटलं. हॉस्टेलची खोली त्याच आठवड्यात गेली. मला साईने धायरीला ठेवून घेतलं. नेकेसांना कोणी ठेवून घेतलं असेल का, हे मी रविवारपासून किती वेळा मनात म्हटलं असेल.

आता ते.

खोका चारच्या तळाशी डोळे तपासायच्या भिंगांची जड पेटी होती, मी तो शेवटी काट्यावर ठेवला तेव्हा एकोणीस किलो नऊशे भरला. काका चहा प्यायला खाली गेले होते. माझी पिशवी दोन किलोला थोडी कमी. मी आतून हिरव्या सुतळीचा एक गठ्ठा काढला. वजन जुळतंय एवढंच बघितलं. पिशवी ठेवली, खोका बांधला. गाठीवर स्वतःचंच बोट ठेवलं. गठ्ठा सॅकमध्ये टाकून धायरीला नेला आणि कॉटखाली सरकवला. वाटलं, पुढच्या खेपेला जाईल, जुने चष्मेच तर आहेत. माझं सगळं बदललं ते तेव्हा. बोट ठेव म्हणालीस तेव्हा नाही. ते मी तुला खोटं लिहिलं होतं, किंवा खरं असेलही, पण त्याचं आता कोणाला काही नाही.

सोमवारी सकाळी गठ्ठा घेऊन काकांकडे कात्रजला गेलो. दार द्वारकाबाईंनी उघडलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कपाटं उपसलेली, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली, जुनी वर्तमानपत्रं, गोधड्या.

"तुमच्या त्या चष्म्यांपायी," द्वारकाबाई म्हणाल्या. "महिना झाला. रोज एक कपाट काढतात. परवा तर पिठाचा डबा ओतून बघितला. आता सून म्हणते, विसरायला लागलेत, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू. शुक्रवारची वेळ घेतलीय."

काका पलंगावर बसले होते. मी गठ्ठा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी हात लावला नाही. नुसते बघत राहिले. मग मला विचारलं, "सुतळी कुठली आहे? मला इथून नीट दिसत नाहीये."

"हिरवी, काका."

"मी बांधली तीच?"

"तीच. सोडलेली नाही. मी काढून नेला होता हा. माझी एक पिशवी ठेवायची होती."

मला वाटलं मारतील. मी तयारीत होतो. काका वळून द्वारकाबाईंना म्हणाले, "अगं, हिरवीच होती! म्हटलं नव्हतं तुला? मी बांधला होता!" आणि रडायला लागले. इतका आनंदाने रडलेला म्हातारा माणूस मी बघितलेला नाही, पुन्हा बघायचाही नाही. द्वारकाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग काकांनी डोळे पुसले, सुतळी सोडली, एकेक चष्मा मोजला. तेवीस. नेकेसांचा सोळावा. मोजून झाल्यावर म्हणाले, "किती जागा हवी होती तुला?"

"दोन किलो. थोडी कमीच."

"अरे गाढवा, चष्म्यांची घरं काढून ठेवायचीस. निम्मं वजन घरांचंच असतं. कागदात गुंडाळून दोन्ही मावलं असतं. वीसच्या वर शेदोनशे गेलं असतं तर मी कापूस कमी केला असता." मग, "मला विचारायचंस तरी."

मी विचारलं नाही. दीड महिना मी कोणालाच काही विचारलं नाही.

"ऊठ आता," काका म्हणाले. "ताईंकडे चल. मी येतो बरोबर. तुझ्यासाठी नाही, मला माझी कात्री आणायचीय."

ताईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत असताना यादीवर पेन्सिलने खुणा करत होत्या. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आजपर्यंत का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, मार्चपर्यंत कोणी जाणारच नव्हतं.

त्यांनी फोन उचलला. पहिला नंबर लागला नाही. दुसऱ्यावर भाग्यश्री नावाच्या कोणी बाई होत्या, वाघोलीला माहेर, नवरा नैरोबीत, लग्नाला आल्यात, गुरुवारी परत जाणार. "पाच किलोपर्यंत काहीही द्या हो ताई, चष्मेच ना?" फोन ठेवून ताईंनी घड्याळाकडे बघितलं. "दहा मिनिटं लागली," त्या म्हणाल्या. "डिसेंबरात विचारलं असतं तर डिसेंबरात कोणीतरी मिळालंच असतं. माणसं सारखी जात-येत असतात, शंभू. तुझ्यासाठी थांबलेली नसतात."

यावर मला राग यायला हवा होता. आला नाही.

मी म्हटलं, मी उद्यापासून येत नाही. ताई म्हणाल्या, "ते मी सांगायचं की तू? आधी खोका भर, यादी लाव, किल्ली टेबलावर ठेव. पुढचं मी ठरवेन. आणि त्या फाडलेल्या फाईलचं बघ काहीतरी. ती कोणाच्या कॉटखाली नाहीये." कॉलेजचंही मी त्यांना सांगून टाकलं होतं. एकदा तोंड उघडल्यावर थांबता आलं नाही.

आज दुपारपासून मी खोलीत एकटा आहे. काका मगाशी येऊन गेले, कात्री न्यायला म्हणून आले आणि सहा नावं पुन्हा लिहून गेले, कारण माझ्या सॅकमध्ये कागद चुरगळले होते. नेकेसांचं नाव त्यांनी दुसऱ्यांदा लिहिलं. मी म्हटलं, काका, त्या गेल्यात, पत्ताही नाही. ते म्हणाले, "यादीतून नाव काढलंय का पूर्णिमाने?" नाही काढलंस. तू नुसतं नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलंयस. "मग जाईल चष्मा," ते म्हणाले. शुक्रवारची डॉक्टरांची वेळ त्यांनी रद्द केलीय, हे जाता जाता जिन्यातून ओरडून सांगितलं.

खुरपणीवर गेलेल्या नऊ जणींना पुन्हा परीक्षा देता येते का, ते तिथल्या साहेबांना विचार. मी तुला विचार म्हणणारा कोण, पण विचार. आणि नेकेसांच्या गावाकडच्या कोणी बाई हॉलमध्ये असतील, तर त्यांच्या हाती चष्मा देता आला तर बघ. तिखट आवडणाऱ्या बाई, एवढी खूण पुरेल का?

वही वाचू नकोस. जाळ किंवा मागची कोरी पानं नंबर लिहायला घे. बरीच आहेत.

खोका काट्यावर आहे. तेवीस चष्मे, घरांसकट, कापूस, यादीची प्रत. दोन किलो तीनशे ग्रॅम. पाच किलोपर्यंत चालेल म्हणाल्यात भाग्यश्रीताई. या पत्राचं वजन पन्नास ग्रॅमसुद्धा भरणार नाही. सगळ्यात वर ठेवलं तर शनिवारपर्यंत तुझ्या हातात असेल. ईमेलने कबुली मी सोमवारीच पाठवलीय, ताईंसमोर बसून, त्यांनी ती खड्या आवाजात वाचली. तेव्हा हे पत्र लवकर पोचण्याची काही गरज नाही, माझ्याशिवाय कोणाला.

यादी दोनदा बघितली. नेकेसांचं नाव सोळावं आहे. माझं कुठेच नाही.

खोका बांधला. गाठीवर बोट ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून अंगठा ठेवला आणि दातांनी ओढली. किल्ली काकांच्या कात्रीजवळ ठेवलीय, कात्री ते इथेच विसरलेत, हे मात्र त्यांना कोणी सांगू नका. या दाराला लॅच आहे, तुला माहितीय, एकदा ओढलं की किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाही, आणि दुसरी किल्ली ताईंकडेच असते. पत्र खिशात घालतो. टपाल कार्यालय बंद व्हायला अजून वीस मिनिटं आहेत.

दार ओढून घेतो.

शंभू